पिकअपचा चिप बॉक्स: घाटात दम, स्लोला थरथर

मुंबईहून माल भरून नाशिककडे निघालेली पिकअप कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर येते, मागचा ट्रेलरवाला हॉर्नवरून हात काढत नाही, आणि इगतपुरीला चहाला थांबलं की शेजारचा ड्रायव्हर सांगतो, ‘‘चिप टाक की शेठ, गाडी उडेल.’’ चिप बसते. गाडी घाटात खरोखर ओढते. पण चार दिवसांत मालक पुन्हा गॅरेजच्या दारात येतो आणि त्याची तक्रार घाटाची नसते. गाडी स्लोला (पाय न देता, जागेवर उभी राहून इंजिन चालू असताना) थरथरते, टोलनाक्याला क्लच दाबला की बंद पडते, एसी लावला की रेस आपोआप वर-खाली होते.

हा रिव्ह्यू त्या बॉक्सचा आहे, आणि मुख्यतः त्याच्या स्लोच्या वागण्याचा. बॉक्स चांगला की भंगार हे घाटात कळत नाही. घाटात सगळेच बॉक्स थोडेफार ओढतात. खरी परीक्षा गाडी जागेवर उभी असताना होते, आणि तिथली कसोटी एकच आहे: चांगल्या बॉक्सने स्लोला गाडीला हातही लावता कामा नये.

आधी नावांचा घोळ सोडवू. बाजारात ‘चिप’ म्हणून तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे स्कॅनर लावायच्या जागेत, खुपसायचा, काही शे रुपयांचा प्लग. ऑनलाइन मिळणारे असे बरेचसे प्लग उघडले तर आत दिवे लुकलुकवणारं साधं सर्किट निघतं; इंजिन सांभाळणाऱ्या कंप्यूटरशी, म्हणजे ईसीएमशी, बोलणाऱ्या तारांना ते जोडलेलंही नसतं. त्यावर पैसे घालू नका, एवढं पुरे. दुसरी वस्तू म्हणजे रीमॅप, त्यात लॅपटॉप लावून ईसीएममधली फाइलच बदलतात. तिसरी, आणि पिकअपवाले जी सर्वांत जास्त बसवतात ती, रेल प्रेशर बॉक्स. मुठीएवढा काळा डबा, दोन कपलर (वायर जोडायचे प्लग) आणि हातभर वायर. कॉमन रेल इंजिनात सगळ्या इंजेक्टरांना दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी असते, तीच रेल; तिच्यावर प्रेशर सेन्सर असतो. त्याचं कपलर काढायचं आणि मध्ये हा डबा घालायचा. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांना तो बसतच नाही, कारण तिथे रेलच नाही. कॉमन रेल बोलेरो पिकअप, योद्धा किंवा त्यांच्यासारख्या गाड्यांना बसवायला दहा मिनिटं लागतात, काढायला त्याहून कमी. बॉक्सची सगळ्यांत मोठी सोय हीच आहे, आणि बिघाड शोधतानाही तीच कामाला येते.

बॉक्स नक्की काय करतो? सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. सोयीसाठी असा सेन्सर धरू जो शून्य बारला (बार हे दाबाचं माप) ०.५ व्होल्ट देतो आणि १,८०० बारला ४.५ व्होल्ट. म्हणजे १ व्होल्ट म्हणजे ४५० बार, आणि ०.१ व्होल्ट म्हणजे ४५ बार. बॉक्स हा सिग्नल थोडा कमी करून ईसीएमला दाखवतो. ईसीएमला वाटतं रेलमध्ये प्रेशर कमी पडतंय, म्हणून तो पंपाकडून जास्त प्रेशर मागतो. इंजेक्टर तेवढ्याच वेळासाठी उघडतो, पण मागे दाब जास्त असल्याने डिझेल जास्त जातं. ओढ वाढते ती यामुळे.

आता हेच गणित स्लोला लावून बघा. गरम इंजिनाला स्लोवर साधारण ३०० बार लागतात असं धरू, म्हणजे सेन्सर १.१७ व्होल्ट देतो. स्वस्त बॉक्सच्या आत एक-दोन रेझिस्टर आणि सिग्नल कमी-जास्त करायला एक फिरवायचा पॉट, एवढाच मामला असतो. तो सरसकट १० टक्के सिग्नल खातो, मग गाडी घाटात असो की सिग्नलला उभी. ईसीएमला १.०५ व्होल्ट दिसतात, म्हणजे सुमारे २५० बार. तो प्रेशर वाढवत नेतो आणि त्याला ‘३००’ दिसू लागतात तेव्हा रेलमध्ये खरे ३६० बार झालेले असतात. स्लोवर २० टक्के वाढ! हाच बॉक्स १,४०० बारच्या लोडला १८० बार वाढवतो, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास. ज्या ठिकाणी वाढ अजिबात नको, नेमकी तिथेच ती प्रमाणाने जास्त होते.

स्लोला इंजेक्टरमधून जाणारं डिझेल अगदी थोडं असतं आणि मुख्य इंजेक्शनच्या आधीचा पायलट शॉट तर एक-दोन मिलिग्रॅमचा. इंजेक्टरची सुई पुरती उघडायच्या आतच मिटायला लागते. अशा वेळी मागचा दाब २० टक्क्यांनी बदलला की पायलटचं माप चुकतं. मग खटखट वाढते, एका सिलिंडरला थोडं जास्त तर दुसऱ्याला थोडं कमी जातं, ईसीएम आरपीएम सांभाळण्यासाठी इंजेक्शन कमी-जास्त करत राहतो आणि गाडी हंटिंग करू लागते, म्हणजे रेस आपोआप वर-खाली नाचत राहते. ड्रायव्हर म्हणतो, ‘‘इंजिन ट्रॅक्टरसारखं वाजतंय.’’ त्याचं निरीक्षण बरोबर असतं.

बिघाड शोधायचा तर बॉक्स काढण्यापासून सुरुवात

चावी बंद करा. ईसीएम पूर्ण झोपायला पाच मिनिटं द्या, चावी चालू असताना सेन्सरचं कपलर कधीही काढू-घालू नका. बॉक्स काढून गाडीचं मूळ कपलर थेट सेन्सरवर ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. बॉक्सबरोबर बायपास प्लग (बॉक्सला वगळून सिग्नल थेट पुढे देणारा) आला असेल तर तोही चालतो, पण पहिल्या तपासणीला थेट जोडणीच बरी. बायपास प्लगमध्ये बॉक्सच्याच वायरी आणि पिना मध्ये राहतात. इंजिन ८० अंशांपर्यंत गरम करा आणि दहा मिनिटं स्लोला सोडा. थरथर तशीच राहिली तर बॉक्सचा दोष नाही, गाडीत शोधा. थरथर गेली तर बॉक्स किंवा त्याची जोडणी.

हीच तपासणी बॉक्स बसवायच्या आधी करून ठेवली तर निम्मी भांडणं मिटतात. स्कॅनरवर गरम इंजिनाचा आरपीएम, मागितलेलं आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, चारही इंजेक्टरांचं करेक्शन (ईसीएम प्रत्येकाला डिझेल किती कमी-जास्त देतो), हे आकडे लिहून ठेवा आणि इंजिनाच्या आवाजाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. नंतर ‘आधी असं नव्हतं’ म्हणताना हाताशी काहीतरी असावं.

बॉक्स काढल्यावर गाडी ठीक झाली म्हणून लगेच बॉक्स परत करायला निघू नका. आधी कपलर बघा. ही जागा नीट, उजेड पाडून, चष्मा लावून बघण्याची आहे. रेल सेन्सरचं कपलर इंजिनावरच असतं, तिथे उष्णता, तेलाची वाफ आणि सततची थरथर. गाडीच्या मूळ कपलरमधली मादी पिन कित्येक वर्षं एकाच जागी बसलेली असते. ती ओढून बॉक्सच्या नव्या नर पिनेवर चढवली की पुष्कळदा पसरते. बाहेरून कपलर घट्ट दिसतं, आत मात्र पिन सैल धरते. त्याच मापाची सुटी नर पिन एकेका मादीत घालून ओढून बघा. तिन्हींना सारखा अडसर जाणवला पाहिजे. एक पिन लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली तर बिघाड सापडला. बारीक सुईच्या टोकाने तिची जीभ किंचित आत दाबा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या आणि मग जोडा. कपलरचं रबर सील दुमडलेलं नाही ना तेही बघा. दुमडलं असेल तर कपलर शेवटपर्यंत बसत नाही, लॉक अर्धवट अडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. लॉकची जीभ तुटली म्हणून केबल टायने आवळलेलं कपलर दिसलं, तर ते बदलल्याशिवाय पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

मग इंजिन स्लोला चालू ठेवून वायर दोन-दोन बोटांच्या अंतरावर हलकी हलवत जा आणि नजर स्कॅनरवरच्या रेल प्रेशरवर ठेवा. एखाद्या जागी आकडा उडाला किंवा इंजिनाने झटका दिला की तिथेच खूण करा. पंखा आणि बेल्टपासून हात आणि बाह्या लांब ठेवा.

सैल पिनेचा त्रास स्लोलाच का जाणवतो, हे वरच्याच गणितात आहे. अर्थच्या पिनेत ०.१ व्होल्ट अडकले तर ईसीएमचा आकडा ४५ बारने चुकतो. १,४०० बारवर ही चूक ३ टक्के, ३०० बारवर १५ टक्के. म्हणून हायवेला मख्खन चालणारी गाडी सिग्नलला थरथरते आणि ‘ट्यूनिंगच चुकीचं आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. बऱ्याच वेळा ट्यूनिंग ठीक असतं, पिन सैल असते.

मल्टीमीटरने हे पक्कं करता येतं. गाडी रात्रभर उभी राहू द्या म्हणजे रेलमधलं प्रेशर उतरलेलं असतं. चावी चालू, इंजिन बंद. सेन्सरच्या बाजूला आणि बॉक्सच्या पलीकडे, ईसीएमच्या बाजूला, सिग्नल मोजा. सेन्सरकडे शून्य प्रेशरचा आकडा येईल, वरच्या उदाहरणात ०.५ व्होल्ट. दोन्ही बाजूंत ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बॉक्स स्लोच्याही खाली हात घालतोय. सप्लाय ४.९ ते ५.१ च्या मध्ये हवा. बॉक्स जोडल्यावर तो खाली येत असेल तर बॉक्स स्वतःसाठी जास्त करंट ओढतोय, आणि त्याच ५ व्होल्टवरचे बाकीचे सेन्सरही चुकू शकतात. शेवटी इंजिन स्लोला चालू ठेवून सेन्सरची अर्थ पिन आणि ईसीएमकडची अर्थ वायर यांच्यातला फरक मोजा. तो जवळजवळ शून्य हवा. मोजताना प्रोब कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीला लागून आत सरकवा. वायरीचं प्लास्टिक टोचू नका. ते बारीक भोक जून-जुलैत पाणी पितं आणि दिवाळीपर्यंत आतलं तांबं हिरवं होतं. मग बॉक्स काढला तरी बिघाड गाडीतच राहतो.

वायर कुठून नेली आहे, तेही बघा. इंजेक्टरच्या वायरिंगला बॉक्सची वायर समांतर बांधलेली असेल तर ती सोडवा. इंजेक्टर उघडताना त्यांच्या वायरीत मोठे विजेचे झटके जातात आणि त्यांचा त्रास सिग्नलच्या नाजूक व्होल्टेजला होतो. दोन वायरी ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. टर्बो आणि एक्झॉस्टपासून वीतभर तरी अंतर ठेवा. डबा इंजिनाला नव्हे, बॉडीला बांधा. जोड द्यावाच लागला तर सोल्डर किंवा क्रिम्प करून वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही.

एसी लावला की हंटिंग, सकाळी हंटिंग

पिना ठीक, अर्थ ठीक, आणि तरी गाडी ठरावीक वेळीच नाचते? मग बॉक्सचा उंबरठा बघा. मायक्रोकंट्रोलरवाले बरे बॉक्स ठरावीक प्रेशरच्या वर गेल्यावरच काम सुरू करतात. हा उंबरठा स्लोच्या फार जवळ ठेवलेला असेल तर गंमत अशी होते: साधा स्लो ३०० बारला, बॉक्स झोपलेला. एसीचा कॉम्प्रेसर धरतो किंवा स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं जातं, इंजिनावर लोड येतो, ईसीएम प्रेशर ३५०-३८० पर्यंत नेतो. उंबरठा ३५० ला असेल तर बॉक्स जागा होतो, डिझेल वाढतं, आरपीएम चढतो. ईसीएम लगेच आवरतो, प्रेशर खाली येतं, बॉक्स पुन्हा झोपतो. असं दर सेकंद-दोन सेकंदांनी. बाहेर उभ्या माणसाला गाडी दम्याने धापा टाकतेय असं वाटतं.

सकाळी गार इंजिनाला स्लोचं प्रेशर मुळातच जास्त असतं, म्हणून काही गाड्या सकाळी पाच मिनिटं नाचतात आणि गरम झाल्या की शांत होतात. तक्रार सांगताना ‘कधी’ होतं ते नीट सांगा: फक्त गार असताना, फक्त एसीवर, की सतत. यावर निम्मं निदान होतं. सतत होत असेल तर जोडणी किंवा रेझिस्टरवाला बॉक्स; एसी किंवा गारठ्यापुरतं असेल तर उंबरठा.

उंबरठा बदलता येत असेल तर तो एसी चालू असतानाच्या स्लो प्रेशरच्या किमान ७०-८० बार वर न्या. वरच्या सेन्सरच्या हिशोबाने १.५ व्होल्ट म्हणजे ४५० बार, ही सुरक्षित जागा. पण सगळ्या सेन्सरांचं प्रमाण आणि शून्याचा आकडा सारखा नसतो, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा डोळे मिटून उचलू नका. आपल्या गाडीचा स्कॅनरवरचा बार आणि मल्टीमीटरवरचा व्होल्ट शेजारी शेजारी लिहून प्रमाण काढा. उंबरठा बदलायची सोयच नसलेला बॉक्स एसीच्या गाडीसाठी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टोलनाक्याला ब्रेक मारून क्लच दाबताच बंद पडणं हा मात्र वेगळा आजार. वेगातून स्लोवर येताना रेल प्रेशर क्षणात कोसळतं आणि ईसीएमला ते लगेच कळायला हवं. बॉक्स सिग्नल पुढे सरकवायला उशीर करत असेल तर ईसीएम शिळा आकडा बघून निर्णय घेतो: प्रेशर अजून जास्त आहे असं समजून पंप आवळत राहतो, रेल गरजेपेक्षा खाली जाते आणि इंजिन बसतं. सेटिंग एक-दोन घरं खाली आणून फरक पडतो का बघा. पडला नाही तर हा दोष सेटिंगचा नाही, बॉक्सच्या घडणीचा आहे. असा बॉक्स परतच करावा. बंद पडताना पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते, आणि भरलेल्या गाडीत ही थट्टा नाही.

सेटिंगबद्दल इतकंच: नेहमी सर्वांत खालच्या घरापासून सुरू करा, एकेक घर वाढवा, प्रत्येक घरावर भरलेली गाडी किमान २०-३० किलोमीटर चालवून मग पुढे जा. काळा धूर दिसला की एक घर मागे. धूर म्हणजे ताकद नव्हे, अर्धवट जळलेलं डिझेल.

खापर बॉक्सवर, दुखणं गाडीचं

दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या पिकअपवर बॉक्स बसवला आणि स्लो बिघडला, तर बऱ्याचदा बॉक्सने फक्त झाकलेलं दुखणं उघडं केलेलं असतं.

पहिला संशय इंजेक्टरवर. स्कॅनरवर स्लोला प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन दिसतं. साधारण अधिक-उणे दीड-दोन मिलिग्रॅमच्या आत असेल तर चालतं. एखादा तीनच्या पलीकडे गेला असेल तर त्या इंजेक्टरकडे बघा. नंतर रिटर्न तपासा: चारही इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) काढून एकसारख्या चार बाटल्यांत सोडा, इंजिन दोन-तीन मिनिटं स्लोला चालवा आणि पातळ्या शेजारी ठेवून बघा. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. बॉक्सने प्रेशर वाढवलं की ही गळती वाढते. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरचा कोड ईसीएममध्ये भरून घ्या, नाहीतर नव्या इंजेक्टरवरही स्लो सुधारणार नाही.

इथे एक कळकळीची सूचना. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मिसिंग शोधायला चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करायची पद्धत होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. स्लोलाही तिथे ३०० बार असतात आणि त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. जखम सुईएवढी दिसते आणि बोट जायची वेळ येते. असं झालं तर मलम लावून घरी बसू नका, तडक हॉस्पिटलला जाऊन ‘प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ असं सांगा.

दुसरा संशय डिझेलच्या वाटेवर. फिल्टरच्या बुडाचं पाणी सोडून बघा, पावसाळ्यात तर दर आठवड्याला. फिल्टर नुकताच बदललाय आणि स्लो बिघडलाय, तर आधी एअर शोधा: टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत थोडा वेळ पारदर्शक नळीचा तुकडा घाला, बुडबुडे दिसले की फिल्टरचं सील किंवा एखादी क्लिप. हॅन्ड प्रायमर कडक होईपर्यंत मारून एअर काढा. पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह कचऱ्याने चिकटायला लागला असेल तर स्लोला प्रेशर स्थिर राहत नाही, आकडा सारखा २५ ते ४० बारने झोके घेतो. बॉक्स काढूनही हे झोके तसेच राहिले तर व्हॉल्व्ह बघायचा.

इंजिन फाउंडेशनची रबरं बसली असतील तर सगळे आकडे ठीक येतात आणि केबिन मात्र थरथरते. आरपीएम स्थिर आणि थरथर मोठी, असं असेल तर स्कॅनर बाजूला ठेवून गाडीखाली जा. भरलेल्या पिकअपला बॉक्सने जादा टॉर्क दिला की जुनं रबर फाटायला वेळ लागत नाही.

काही गाड्यांत बॉक्स बसवल्यावर दोन-तीन महिने सगळं छान आणि मग स्लो हळूहळू बिघडतो. इथे बहुधा काजळीचा मामला असतो. वरच्या सेटिंगवर धूर जास्त, त्यामुळे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हवर कार्बन जास्त, आणि एक दिवस व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहतो. मग स्लोला इंजिनात ताज्या हवेऐवजी धूर जातो. ईजीआर काढून साफ करा, आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचं टोकही पुसा, इंटरकूलरच्या होज पाइपला तेलाचे ओघळ दिसतात का बघा. आणि सेटिंग खाली आणा, नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

चेक लाइट लागला तर कोड वाचा. पी ००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी, पी ००८८ म्हणजे जास्त. पी ०१९१, ०१९२ आणि ०१९३ हे सेन्सरच्या सिग्नलचे कोड. बॉक्स बसवल्यावर यांतला एखादा आला की आधी कपलर. पी ०५०६ म्हणजे स्लो अपेक्षेपेक्षा कमी, पी ०५०७ म्हणजे जास्त. कोड आधी लिहून घ्या, मग पुसा. पुसून मोकळे होणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

घ्यायचा तर कसा घ्यायचा

डबा हातात घेतल्यावर कपलर बघा. आपल्या गाडीच्या कपलरशी हुबेहूब जुळतं का, लॉक ‘टक’ करून बसतं का, रबर सील आहे का. डबा रेझिनने भरलेला असावा. स्क्रू काढल्यावर उघडं सर्किट दिसत असेल तर पावसाळा त्याचा नाही. विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: कोणत्या सेन्सरसाठी बनवलाय, किती प्रेशरला काम सुरू करतो, बायपास प्लग बरोबर देता का. ‘सगळ्या डिझेल गाड्यांना चालतो’ हे उत्तर आलं की उठा. दुकानातच, चावी बंद करून बॉक्स जोडून-काढून, स्लोचं रेल प्रेशर बॉक्ससह आणि बॉक्सशिवाय सेन्सरच्या बाजूला मल्टीमीटरने मोजून दाखवायला सांगा; स्कॅनरवर बॉक्सने दाखवलेलाच आकडा दिसतो. आकडा तोच राहिला पाहिजे. दहा बारने हलला तर मनावर घेऊ नका, ६० बारने हलला तर तो रेझिस्टरचा डबा आहे, त्याच्यावर कोणत्याही कंपनीचं स्टिकर असू दे.

या कसोट्या पार करणारा बॉक्स मधल्या आरपीएमला, १,६०० ते २,५०० च्या पट्ट्यात, चांगली ओढ देतो. खंबाटकीला साताऱ्याकडे चढताना एक गिअर वर राहता येतं, हे खरं आहे. ॲव्हरेज वाढण्याचं आश्वासन मात्र गृहीत धरू नका. आणि क्लच प्लेट आधीच संपत आली असेल तर वाढलेल्या टॉर्कने ती लवकर बोलेल, तो खर्च धरूनच हिशोब करा.

रीमॅपचा स्लो साधारणतः जास्त स्थिर राहतो, कारण चांगला ट्यूनर स्लोच्या नकाशाला हातच लावत नाही आणि मध्ये कपलर, पिना काही नसतं. फक्त मूळ फाइलची प्रत स्वतःकडे मागून घ्या. रीमॅपनंतर स्लो बिघडला तर मूळ फाइल परत टाकणं हीच पहिली तपासणी.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीवर मात्र हा बॉक्स बसवू नका. तिथे एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आहे, जादा काजळीने तो चोंदतो आणि त्याचा खर्च बॉक्सच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरसीमधला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा होईल अशा बदलांना मनाई करतं. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यातही असा बॉक्स अडचणीचा ठरू शकतो. हे सगळं माहीत असूनही जुन्या गाडीला बसवणार असाल, तर निदान खालच्या सेटिंगवर ठेवा.

आणि सेन्सरचं मूळ कपलर थेट सेन्सरवर कसं बसवायचं हे गाडी चालवणाऱ्याला एकदा बोनेट उघडून, त्याच्याच हाताने करून दाखवा. बायपास प्लग मालकाच्या घरी कपाटात नको, गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, टॉर्चच्या शेजारी हवा. रात्री दोनला कशेडी घाटात गाडी स्लोला बंद पडायला लागली तर त्या पाच मिनिटांच्या कामावर माल वेळेत पोहोचतो की नाही हे ठरतं.